यंत्र ताळ्यावर आणताना

संगणक बंद पडला तर ते लगेच कळते. पडदा निळा होतो, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते, किंवा माऊसचा बाण जागच्या जागी गोठतो. आपण चिडतो आणि कॅबिनेट उचलून दुकानात नेतो. पण संगणक चालू राहिला आणि चालता चालता चुकीचे उत्तर देऊ लागला, तर? ते कोणाला, कधी आणि कसे कळणार? हा लेख त्या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. त्याचे निमित्त आहे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा संगणक जास्त वेगाने पळवणे.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. जुन्या मोडी कागदांची छायाचित्रे घेणे, ती लावून ठेवणे आणि वाचणे या नादापायी संगणकाशी माझा संबंध आला. जे कळले ते पुस्तके, बिघडलेली यंत्रे आणि वह्या यांच्यातून. त्यामुळे या लेखात शास्त्रापेक्षा रीत जास्त आहे. बिघाड शोधण्याची ही रीत संगणक न वापरणाऱ्यालाही ओळखीची वाटेल, अशी माझी समजूत आहे.

हलगी आणि लेझीम

प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. त्याला क्लॉक म्हणतात. लेझमीच्या पथकात हलगी वाजते आणि प्रत्येक ठोक्याला सगळ्यांचे पाऊल एकदम पडते, तसे प्रोसेसरमधले लक्षावधी भाग प्रत्येक ठोक्याला एकेक पाऊल टाकतात. चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चारशे कोटी ठोके. दोन ठोक्यांमध्ये पाव नॅनोसेकंदाचे अंतर राहते. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो.

हलगीवाल्याने लय वाढवली की बहुतेक पोरे ती सांभाळून नेतात. पण एखाद्याचे पाऊल पुढचा ठोका पडला तरी हवेतच असते. प्रोसेसरमध्येही हेच होते. काही वाटा आखूड असतात, काही लांब. सर्वांत लांब वाटेवरचा संकेत पुढच्या ठोक्याआधी पोहोचला नाही, तर शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य नोंदले जाते. बाकी सगळे बरोबर असते. पथक नाचत राहते, फक्त एक पाऊल चुकलेले असते.

कारखाना ठरवून देतो तो वेग सर्वांत मंद पोराचा विचार करून दिलेला असतो आणि त्यात थोडी सूटही ठेवलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही सूट खर्च करतो. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा स्वस्त प्रोसेसर याच कारणाने गाजला. मदरबोर्डचा ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की साडेचारच्या गुणकाने ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० वर चाले, आणि त्यातले बरेच नग खरोखरच नीट चालत. त्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून संगणक जोडणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असे. फुकटात दीडपट वेग कोणाला नको असतो? प्रश्न एवढाच, की तो खरोखर फुकट होता का.

सूट खर्च होते कशी

वाढवलेला वेग सांभाळायला व्होल्टेज वाढवावे लागते. जास्त व्होल्टेजला संकेत लवकर पोहोचतो. पण चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के वाढवले, तर उष्णता दहा किंवा वीस टक्क्यांनी वाढून थांबत नाही, १.१ चा घन, म्हणजे सुमारे ३३ टक्के वाढ होते. चिप तापली की सहसा तिचे ट्रान्झिस्टर मंदावतात. मंदावले की अजून व्होल्टेज मागतात. ते दिले की चिप अजून तापते.

दुसरा खर्च विजेच्या ओढीचा. प्रोसेसरचे व्होल्टेज सव्वाच्या आसपास असते. १.२ व्होल्टवर १५० वॉट घेणाऱ्या प्रोसेसरमधून १२५ अँपिअर प्रवाह जातो. शेतातली पाच एचपीची थ्री फेज मोटर फेजमागे सात-आठ अँपिअर घेते, यावरून अंदाज यावा. डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की घरातले बल्ब मिणमिणतात, हे आपण रोज पाहतो. प्रोसेसरवर एकदम काम पडले की त्याच्याही व्होल्टेजला तसाच खड्डा पडतो, फार थोडा वेळ. कारखान्याच्या सुटीत या खड्ड्याची जागा धरलेली असते. ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रात ती बहुधा आधीच वापरून झालेली असते.

तिसरा खर्च मेमरीचा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विद्युत्‌भार साठवणारे एक सूक्ष्म भांडे, आणि ते पाझरणारे असते. म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक भांडे पुन्हा भरावे लागते. तापमान वाढले की पाझर वाढतो. डीडीआर-४ मेमरी ८५ अंशांपुढे गेली तर भरण्याची खेप दुप्पट करावी, असे प्रमाणातच सांगितले आहे. सोळा जीबी मेमरीत अशी सुमारे १३,७०० कोटी भांडी असतात. त्यातल्या एकाने दगा दिला तरी चूक ती चूकच.

सोयगावातला एक संगणक

सोयगाव तालुका मराठवाड्याच्या जिल्ह्यात आहे, पण अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी. त्यामुळे आमची हवा खानदेशची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांना टेकतो. पीक मुख्यतः कपाशीचे. वेचणी सुरू झाली की भाव येईपर्यंत कापूस घरात रचलेला असतो, आणि त्याचे तंतू घरभर. या दोन्ही गोष्टी पुढे कामाला येणार आहेत.

गावातला एक तरुण लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि घरीच एडिटिंग करतो. मला काका म्हणतो. त्याने शहरातून डिसेंबरात जोडलेला संगणक आणला. सहा कोअरचा प्रोसेसर. दुकानदाराने सहाही कोअर कायमचे ४.२ गिगाहर्ट्झवर बांधून, व्होल्टेज १.३५ करून दिले होते. ३२०० ची मेमरी ३६०० वर चालवली होती. ‘फास्ट करून दिलाय’ एवढेच त्याला सांगितलेले. जानेवारी-फेब्रुवारीत यंत्र उत्तम चालले. मार्चअखेर त्रास सुरू झाला. व्हिडिओ एक्स्पोर्ट होताना मध्येच बंद पडे. ब्लू स्क्रीन येई आणि दर वेळी तिच्यावरचा मजकूर वेगळा असे.

त्याने तीन वेळा फॉरमॅट मारला. मित्राचे ग्राफिक्स कार्ड बसवून पाहिले. प्रत्येक जण सांगे, ‘लाइटचा प्रॉब्लेम आहे’. म्हणून स्टॅबिलायझर घेतला. प्रत्येक उपायानंतर यंत्र एक-दोन दिवस बरे वागे, मग पुन्हा तेच. लग्नसराई ऐन भरात होती. एका लग्नाचे काम लांबले की पुढची दोन अडत होती.

त्याने केलेल्या उपायांपैकी एकही मुळात वेडगळ नव्हता. अडचण ही होती की एका उपायाचा परिणाम तपासण्याआधी दुसरा केला जात होता, आणि ‘बरे झाले’ हे ठरवायला ‘अजून बंद पडला नाही’ याखेरीज माप नव्हते. अधूनमधून चुकणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हे माप कुचकामी ठरते. त्याला ताळा लागतो.

ताळा

मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या पिढीला गुणाकाराचा ताळा आठवत असेल. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत यायचे. ३४७ चे पाच, २६ चे आठ. पाच आठे चाळीस, म्हणजे चार. आता ९०२२ चे किती? तेरा, म्हणजे चार. ताळा जुळला. नऊ टाकून पडताळण्याची ही रीत दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुमारास सापडते. १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त नवाच्या जागी कोणतीही संख्या घेऊन ताळा करता येतो, हे सांगितले.

या रीतीचा एक गुण आणि एक मर्यादा नीट ध्यानात घ्यावी. ताळा जुळला नाही, तर गणित नक्की चुकले आहे. पण ताळा जुळला म्हणजे गणित नक्की बरोबर, असे म्हणता येत नाही. वरचे उत्तर घाईत ९२०२ असे लिहिले, तरी अंक तेच असल्याने ताळा चारच येईल. चूक सिद्ध करता येते. बरोबर असल्याचा मात्र विश्वास वाढवत न्यावा लागतो.

संगणकाची तपासणी याच तत्त्वावर चालते. उत्तर आधीच माहीत असलेले गणित त्याला द्यायचे आणि काय उत्तर येते ते पाहायचे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेली ६१७४ ची गंमत अनेकांना ठाऊक असेल. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावून तयार होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येणारच. नाही आले, तर वजाबाकी चुकली.

प्राइम-९५ हा प्रोग्रॅम असाच एक ताळा आहे. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी जगभरच्या संगणकांचा जो उपक्रम सुरू केला, त्याचा हा प्रोग्रॅम. कोट्यवधी अंकांच्या संख्यांचे गुणाकार तो अपूर्णांकांच्या वाटेने करतो, पण शेवटी उत्तर पूर्णांकच यायला हवे. आलेले उत्तर जवळच्या पूर्णांकापासून किती दूर पडले, हे तो पाहत राहतो. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या ओळखीचा संदेश असा असतो: फरक ०.५ आला, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होता. एखाद्या कोअरवर असा संदेश एकदा जरी आला, तरी त्या यंत्राच्या त्या मांडणीवर विश्वास ठेवू नये. बाकी सगळे सुरळीत दिसत असले तरीही.

तपासणीचा क्रम

आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. तारीख, वेळ, खोलीचे तापमान, भिंतीतल्या सॉकेटचे व्होल्टेज, मांडणी, कोणती चाचणी, किती वेळ, निकाल असे रकाने पाडले. नियम दोनच ठेवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि तपासणी संपेपर्यंत त्या यंत्रावर कोणतेही खरे काम करायचे नाही.

पहिली पायरी, मूळपदावर येणे. बायॉसमध्ये सगळ्या गोष्टी कारखान्याच्या मांडणीवर नेल्या. इथे एक बारकावा आहे. मेमरीच्या डब्यावर छापलेला वेग हा बहुतेक वेळा एक्सएमपी नावाच्या मांडणीचा असतो, आणि ती मांडणीसुद्धा एका अर्थी ओव्हरक्लॉकिंगच असते. म्हणून तीही बंद केली; मेमरी २६६६ वर आली. मग एक रात्र मेमटेस्ट-८६-प्लस आणि एक रात्र प्राइम-९५ची मिश्र चाचणी. दिवसाही चाचण्या चालू ठेवल्या. दोन रात्री आणि तीन दिवस एकही चूक नाही. या काळात सॉकेटचे व्होल्टेज २०५ ते २४० मध्ये हेलकावत होते, त्याची नोंद वहीत आहे. चांगला एसएमपीएस एवढा हेलकावा सहज पचवतो. यातून दोन गोष्टी कळल्या. एकही भाग मुळात बिघडलेला नव्हता, आणि ज्या लाइटला सगळे बोल लावत होते, तिच्यावर निदान या मांडणीत आरोप टिकत नव्हता.

याच पायरीवर चुका सापडल्या असत्या, तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार बाजूला ठेवून सुटे भाग तपासावे लागले असते. म्हणून ती कधीही गाळू नये.

दुसरी पायरी, फक्त मेमरी. प्रोसेसर मूळ वेगावर ठेवून मेमरी तेवढी ३६०० वर नेली. पहाटे सहाला मेमटेस्ट सुरू केला. दोन फेऱ्या स्वच्छ गेल्या. तिसऱ्या फेरीत, रॅम तापल्यावर, चुका उमटू लागल्या. मग दोन्ही पट्ट्या एकेक करून तपासल्या. एक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चुकत होती, दुसरी दोन्हीकडे पास होत होती. म्हणजे दोष स्लॉटचा नव्हता. त्या पट्टीला ३६०० झेपत नव्हते. डब्यावरच्या ३२०० वर दोन्ही पट्ट्या भर दुपारीही चार फेऱ्या बिनचूक चालल्या.

तिसरी पायरी, फक्त प्रोसेसर. मेमरी २६६६ वर परत आणून प्रोसेसर ४.२ वर नेला. रात्री प्राइम-९५ची लहान आकड्यांची, म्हणजे सर्वांत जास्त तापवणारी चाचणी सहा तास चालली आणि पास झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला तीच चाचणी बाराव्या मिनिटाला चौथ्या कोअरवर थांबली. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चौथ्याच कोअरवर. लेझमीतला मंद पोरगा सापडला.

मग कॅबिनेट उघडले. हिटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. पंखा फिरत होता, पण हवा पलीकडे जातच नव्हती. साफ करून नवी पेस्ट लावली. तापमान अकरा अंशांनी उतरले. आता चौथा कोअर दुपारी दोन तास टिकला, मग थांबला. तापमान कारणात होते, पण ते एकटे कारण नव्हते. ४.१ वर दुपारचे सहा तास पास झाले. तिथून आणखी एक पायरी खाली येऊन ४.० हा वेग कायम केला, कारण मे महिना अजून यायचा होता.

ही शेवटची पायरी पुष्कळांना पटत नाही. ‘४.१ वर पास होतंय ना, मग ४.० कशाला?’ असे त्यानेही विचारले. उत्तर ताळ्याच्या मर्यादेत आहे. सहा तास चूक न दिसणे म्हणजे चूक नाही असे नव्हे. डिसेंबरातल्या खोलीत आणि मेमधल्या खोलीत वीस अंशांचा फरक असेल, तर चिपच्या तापमानातही जवळपास तेवढाच फरक पडतो. पेस्ट वाळते, धूळ पुन्हा बसते, आणि वर्षानुवर्षे जास्त व्होल्टेज सोसून चिपही थकते. कारखाना सूट ठेवतो ती या सगळ्यासाठी. ती आपण काढली असेल, तर थोडी आपणच परत ठेवावी. आणि किंमत किती? ४.२ वर एक तास लागणाऱ्या कामाला ४.० वर त्रेसष्ट मिनिटे लागतात.

लक्षण एकीकडे, दुखणे दुसरीकडे

त्या मुलाच्या यंत्रात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले होते, म्हणून ब्लू स्क्रीनवरचा मजकूर दर वेळी बदलत होता. मजकूर सारखा बदलत असेल, तर आधी मेमरीवर संशय घ्यावा. चुकलेला बिट कोणाच्या वाट्याला जाईल याचा नेम नसतो. ‘व्हिआ’ या अक्षरांनी सुरू होणारी हार्डवेअरची चूक येत असेल, तर प्रोसेसर आणि त्याचे व्होल्टेज पाहावे. निळा पडदा न येता यंत्र फटकन बंद होत असेल, तर एसएमपीएस किंवा अतितापमान. पडद्यावर ठिपके, चौकटी आणि डिस्प्ले ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याची सूचना दिसली, तर ग्राफिक्स कार्ड. दिवसभराची चाचणी पास करून रिकामे बसल्यावर मरणारी यंत्रेही असतात. त्यांत बहुधा व्होल्टेज गरजेपेक्षा खाली ओढलेले असते, आणि काम नसताना ते आणखी खाली जाते. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘दुरुस्त केलेल्या’ हार्डवेअर चुकांची नोंद गुपचूप होत असते. यंत्र कुरकुरत असल्याची ती पहिली खूण. पण या सगळ्या खुणा वाट दाखवतात, निकाल देत नाहीत.

मोठ्या कंपन्यांचीही या बाबतीत फसगत झाली आहे. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००५ मध्ये सांगितलेली हकिकत अशी. बंद पडलेल्या संगणकांकडून आलेल्या अहवालांत काही ठिकाणी प्रोग्रॅम अशा आज्ञेवर कोसळलेला दिसे, की जी चुकूच शकत नाही. प्रोसेसरच्या आतली एक जागा फक्त शून्य करायची होती. चौकशी केल्यावर ती यंत्रे ओव्हरक्लॉक केलेली निघाली. काही मालकांना तर ते माहीतही नव्हते, विकणाऱ्याने परस्पर केले होते. आमच्या गावातल्या मुलासारखीच ही गोष्ट.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख संगणकांच्या नोंदी तपासून निबंध लिहिला. आठ महिन्यांच्या काळात प्रोसेसरचे एकूण काम तीस दिवसांपेक्षा जास्त झालेल्या यंत्रांपैकी प्रोसेसरच्या दोषाने कोसळण्याची शक्यता १९० त एक होती. पण एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता ३.३ त एक. म्हणजे ‘एकदाच झालं, होतं कधी कधी’ असे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. ठरलेल्या वेगाहून मुद्दाम कमी वेगाने चालवलेली यंत्रे लक्षणीयरीत्या जास्त भरवशाची ठरली, हाही त्याच निबंधाचा निष्कर्ष.

कारखान्याने स्वतःच सूट कमी केली तर काय होते, हे २००० साली दिसले. स्पर्धेच्या घाईत इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ बाजारात आणला. रोजच्या कामात तो ठीक वाटे, पण लिनक्सचा गाभा कंपाइल करायला लावला की ते काम पुरे होत नसे. परीक्षण करणाऱ्या पत्रकारांनी हे दाखवून दिल्यावर ऑगस्टमध्ये कंपनीने तो परत बोलावला. २०२४ मध्ये इंटेलच्याच तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांची हकिकत अधिक बोलकी आहे. गेम सुरू करताना ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत. दोष प्रोसेसरमध्ये होता; तो वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने हळूहळू स्वतःचीच झीज करून घेत होता. कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

न दिसणारी चूक

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. १९९४ मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. आकडे जुळेनात. त्यांनी एकेक कारण वगळत नेले आणि शेवटी नव्याकोऱ्या पेंटियम प्रोसेसरपाशी पोहोचले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागल्यावर १.३३३८२ यायला हवे, तिथे ते यंत्र १.३३३७३ देत होते. यंत्र कधी बंद पडले नाही, कधी कुरकुरले नाही. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडावा लागला. नाइसलींना ते सापडले, कारण ते एकच गणित दोन वाटांनी करत होते.

आमच्या मुलाचेही खरे नुकसान एक्स्पोर्ट अडण्याचे नव्हते. कॅमेऱ्यातल्या कार्डावरून फाइल हार्ड डिस्कवर जाते ती मेमरीतून. तिथला एक बिट उलटला की चुकीची प्रत डिस्कवर लिहिली जाते, आणि ‘कॉपी पूर्ण’ असा संदेश येतो. त्या काळात उतरवलेल्या तीन लग्नांपैकी एकाची कार्डे अजून पुसलेली नव्हती. त्यातल्या ४१२ फाइलींचा ताळा आम्ही केला. एसएचए-२५६ ही रीत फाइल केवढीही मोठी असो, तिचा ६४ चिन्हांचा ठसा काढते. एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासूनच असते. मूळ आणि प्रत यांचे ठसे ताडून पाहिले. तीन फाइली जुळल्या नाहीत. नाव तेच, आकार तोच, तारीख तीच. एकीत सप्तपदीच्या वेळी काही क्षण हिरव्या चौकटी दिसत होत्या. उरलेल्या दोहोंत डोळ्यांना काहीच दिसले नाही. त्या तिन्ही कार्डावरून पुन्हा घेतल्या. बाकीच्या दोन लग्नांची कार्डे पुसून पुढच्या कामाला वापरली गेली होती. मूळच नाही, तर ताळा कशाशी करणार?

साहित्याच्या वाचकाला ही अडचण नवी नाही. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्याचा हात एके ठिकाणी चुकला की पुढच्या सगळ्या नकला ती चूक इमानाने उतरवत जातात, आणि वाचणाऱ्याला पान स्वच्छच दिसते. आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणला संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. ज्ञानेश्वरी सांगितली गेल्यावर जवळपास तीनशे वर्षे लोटली होती आणि पाठात अशुद्धे शिरली होती. एकट्या प्रतीकडे कितीही निरखून पाहिले तरी अशी अशुद्धे ओळखणे कठीण. प्रत दुसऱ्या प्रतीशेजारी ठेवावी लागते.

आपल्या रोजच्या व्यवहारात असे ताळे मुद्दाम पेरलेले असतात. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांचा ताळा असतो. व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाची ही रीत शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही पकडते, म्हणजे नवांच्या ताळ्यातून निसटणारी चूक इथे सापडते. बँका आणि मोठ्या संस्थांचे सर्व्हर ईसीसी मेमरी वापरतात. तिच्यात प्रत्येक शब्दासोबत जादा बिट साठवलेले असतात आणि एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो. घरगुती संगणकांत ही सोय सहसा नसते. तिथे ताळा आपणच ठेवायचा.

त्यासाठी फार काही लागत नाही. यंत्र थोडेही संशयास्पद वागले तर त्यावर परत न फिरवता येणारी कामे करू नयेत: कार्डे पुसणे, बायॉस अपडेट करणे, जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर सगळे हलवणे. नवा किंवा जुना संगणक विकत घेताना तो कोणत्या मांडणीवर चालतो ते दुकानदाराला विचारून लिहून घ्यावे. महत्त्वाच्या फाइलींचे ठसे एका साध्या यादीत काढून ती यादी दुसरीकडे ठेवावी आणि वर्षातून एकदा ताडून पाहावी. माझ्या मोडी कागदांच्या छायाचित्रांची अशी यादी मी दिवाळीच्या आवरासावरीत तपासतो, आणि त्याच दिवशी कॅबिनेट उघडून ब्रशने धूळ काढतो. आमच्याकडे नवा कापूस घरात येण्याची वेळही साधारण तीच असते, त्यामुळे फेब्रुवारीत आणखी एकदा उघडावे लागते.

त्या मुलाच्या यंत्रावर ४.० आणि ३२०० ही मांडणी आजही आहे. वही कॅबिनेटवरच ठेवलेली असते. यंदाच्या मेमध्ये तिच्यात दुपारच्या चार चाचण्यांच्या नोंदी झाल्या, चारही पास. आणि कार्ड पुसण्याआधी ठसे जुळवल्याची खूण प्रत्येक लग्नापुढे आहे.